चौदा नंबरच्या पार्किंगमधली देवी

कर्वेनगर, पुणे
बुधवार, फेब्रुवारी २००५

ती. आक्कास,

रंगनाथाचा कंबरेचा पट्टा सोडून, पायांपर्यंत वाकून केलेला नमस्कार. (डॉक्टरांनी वाकू नकोस असं सांगितलंय, पण हे पत्र वाचून झाल्यावर तू मला नाहीतरी वाकवशीलच, तेव्हा आधीच सराव.) दाजींनाही नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी त्यांना कुणीतरी एरंडाची पानं बांधायला सांगितली होती, त्याने गुडघा बरा झाला की निदान एरंड सांगणारा माणूस यायचा थांबला, ते कळव. म्हैस व्यायली का? नातवाची बारावी कशी चालली आहे? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे शालन खुशाल आहे आणि मी तिच्या देखरेखीखाली आहे. चिरंजीव तेजस लग्नाच्या आधी दोनच दिवस, शुक्रवारी, अमेरिकेहून उतरेल. त्याच्या साहेबाने एवढीच रजा दिली आहे. स्वतःच्या लग्नाला तो पाहुण्यासारखा येणार आणि पाहुण्यासारखा जाणार.

तुझं कार्ड पोचलं. "मंगळवारी येते. सुनेला आईच्या पायावर घालायची हाय. खण-नारळ माझा. तू फक्त वाट दाखव. ते झाल्याबिगर मी मांडवात पाऊल टाकणार नाही." एवढ्या पाच वाक्यांनी, आक्का, माझी गेल्या सहा दिवसांची झोप गेली. तुझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. बाबुरावांच्या मुलीच्या लग्नात रुखवतात तुझे पापड मागच्या रांगेत ठेवले म्हणून तू बारा वर्षं त्यांच्या दारावरून सुद्धा गेली नाहीस, हे मी विसरलेलो नाही. म्हणून हे पत्र. फोन करता आला असता, पण तुमचा फोन ओसरीवर, आणि तुला कमी ऐकू येतं म्हणून पलीकडचा माणूस एवढा ओरडतो, की मी बोललेलं आधी दाजींना कळतं, मग गल्लीला आणि सर्वांत शेवटी तुला. तेहेतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाने हे म्हणू नये, पण काही गोष्टी तारेवरून सांगण्याजोग्या नसतात. तेव्हा पत्र नातवाला वाचायला देऊ नकोस. चष्मा लाव, पाटावर नीट बस आणि हाताशी असलेलं उलथनं जरा लांब ठेव.

आक्का, आपली आई कुठे आहे, हे मला माहीत नाही. आपली जन्मदात्री कुठे आहे ते माहीत आहे (वर आहे, आणि तिथून ती माझ्याकडे कसं बघत असेल याचीही कल्पना आहे). मी म्हणतोय ती आपली कुलदेवी, जिला आपल्या घरात दुसरं नावच नाही, नुसतं 'आई'. तिची जागा मी पाहिलेली नाही. पाच वर्षांचा असताना आईने मला एकदा खांद्यावर टाकून नेलं होतं म्हणे, पण जाताना आणि येताना मी झोपलेलो होतो. मग आई गेली तेव्हा तेराव्याला सगळ्या बायका विचारायला लागल्या की आता देवीचं कोण बघणार, आणि मी, एकुलता एक मुलगा, उंबऱ्यावर उभा राहून म्हणालो, "मला दाखवली आहे जागा." का म्हणालो? मुलाला काहीतरी माहीत असायला हवं, असं तेव्हा वाटलं, म्हणून. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. त्या वर्षापासून दर चैत्रात तुझा खण-नारळ लोणीहून येतो. आजवर सत्तावीस खण झाले. प्रत्येक वर्षी मी तुला 'पोचवला' म्हणून कळवलं. पोचवला हे खरंच होतं. कुठे, ते तू कधी विचारलं नाहीस.

पहिल्या वर्षी एक्स्चेंज बदलायचं काम चालू होतं, सवड नव्हती, म्हणून ऑफिसच्या वाटेवरच्या एका देवीला वाहिला. मनात म्हटलं, देव्या काही एकमेकींच्या वैरिणी नाहीत, एकीचं दुसरीकडे पोचतं करतील. दुसऱ्या वर्षी तीच देवी ओळखीची झालेली होती, मग संकोच कशाला? पुढे एक सहकारी दरवर्षी तुळजापूरला जायचे, त्यांच्याबरोबर चार-पाच वर्षं पाठवला. एका वर्षी तो खात्याच्या जीपमध्ये राहिला आणि जीप बारामतीला गेली, त्या खणाचं पुढे काय झालं ते ड्रायव्हरला ठाऊक. असे सत्तावीस. एका खोट्याला सांभाळायला एवढं फिरावं लागतं हे आधी कळलं असतं, तर मी आयुष्यात एकदाच कात्रजपर्यंत चालत गेलो असतो आणि देवी शोधून आलो असतो.

हे असंच चाललंही असतं. पण दिवाळीनंतर मुलीकडच्यांची बैठक झाली. मुलीचे वडील उत्तरेश्वरराव केजचे. त्यांना त्यांचं कुलदैवत, त्याचं गाव, पुजाऱ्याचं नाव आणि तिथे जाणाऱ्या एसटीची वेळ तोंडपाठ. एवढं सगळं सांगून त्यांनी अदबीने विचारलं, "आणि आपलं?" मी म्हटलं, "आमची पुण्याचीच." म्हणाले, "वा! नाव?" मी म्हटलं, "आई." म्हणाले, "आई म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे आईच." त्यांना वाटलं ही काहीतरी गुप्त परंपरा असावी, त्यांनी हात जोडले. पण त्यांच्या मागे बसलेली मुलगी, आपली राजनंदिनी, माझ्याकडे बघत होती. आक्का, ही मुलगी हिंजवडीला एका कंपनीत टेस्टर आहे. तिचं काम काय, तर दुसऱ्याने 'झालं' म्हणून सांगितलेली गोष्ट झालेलीच नाही, हे शोधून काढायचं. (तिला त्याचा पगार मिळतो. शालन हेच काम एकतीस वर्षं फुकट करते आहे.) चार दिवसांनी ती घरी आली. चहा झाला. शालन आत गेल्यावर तिने सहज विचारलं, "काका, गेल्या चैत्रात गेलात तेव्हा देवीचं तोंड कुठल्या दिशेला होतं?" मी म्हटलं, "पूर्वेला." म्हणाली, "पायऱ्या चढून की उतरून?" मी म्हटलं, "सपाटच आहे." म्हणाली, "चपला कुठे काढल्या?" चपलांपाशी मी कोसळलो. सगळं सांगितलं. मला वाटलं आता लग्न मोडतं. ती वही काढत म्हणाली, "डोन्ट वरी काका. बग जुना आहे, क्रिटिकल पण आहे. लग्नाच्या आत फिक्स करू. मला फक्त रिक्वायरमेंट सांगा." रिक्वायरमेंट म्हणजे आई देवीबद्दल काय काय बोलायची ते. मला तीनच गोष्टी आठवल्या. एक, आईला छप्पर चालत नाही आणि पुजारीही नाही. दोन, आईचं तोंड आभाळाकडे आहे. आणि तीन, आईचे पाय कात्रजला आणि डोकं शनिवारवाड्याला. तिसरी ऐकून तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "एवढी मोठी देवी हरवली कशी?"

मग दर रविवारी माझी स्कूटर, मागे ती आणि तिची वही. (शालनला सांगितलं की सून पुणं बघते आहे. तेही खरंच होतं. मी हल्ली खोटं बोलणं जवळजवळ सोडलं आहे.) देवांची पुणेरी नावं ती पहिल्यांदाच ऐकत होती. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर. म्हणाली, "काका, यांना इथे कुणी प्रेमाने हाक मारत नाही का?" मी म्हटलं, "पुण्यात यालाच प्रेम म्हणतात." सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीच्या देवळापाशी ती अर्धा तास हललीच नाही. काळ्या दगडाची भिंत, आणि तिच्यावर, आक्का, तुला खोटं वाटेल, गोरे शिपाई साखळदंडाने एका गेंड्याला बांधताहेत असं कोरलं आहे. पुण्याच्या पेठेत गेंडा! तो कुणी पाहिला होता, कुणी कोरला, गणपतीच्या दारात का, मी तिला विचारत होतो आणि ती मला विचारत होती. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे एकोणनव्वद साली त्याच बोळात मी केबलचा खड्डा खणून दीड महिना बसलो होतो. त्या खड्ड्यात काय काय होतं ते आजही सांगतो, पण मान वर करून भिंत पाहिली नव्हती. पुणं मला पाठ आहे, पण खालून.

पाताळेश्वराला गेलो. बाहेर जंगली महाराज रस्त्यावर एवढे हॉर्न, आणि आत गोल मंडपातल्या नंदीपाशी एवढी शांतता, की मी आपोआप हळू बोलायला लागलो. सगळं लेणं एका खडकात खोदलेलं आहे. ती दगडावर हात ठेवून बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "काका, इथे बाहेरून आणून लावलेलं काहीच नाही. नको होतं तेवढं फक्त काढून टाकलंय." विसाव्या वर्षी ऐकलं असतं तर आवडलं असतं, त्याच्या दुप्पट मला हे साठाव्या वर्षी आवडलं. कॅम्पातलं ज्यू लोकांचं लाल देऊळही रस्त्यावरून पाहून आलो, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. देव कुणाचाही असो, पुणेकर त्याच्या घराला देऊळच म्हणतो, हे मला त्या दिवशी बरं वाटलं. तिथे आपली आई नसणार हे मलाही कळत होतं, पण पोरीला आता आईपेक्षा शहराचाच नाद लागला होता, आणि खरं सांगतो आक्का, मलाही. मी निवृत्त झाल्यापासून सकाळी पेपर आणि दुपारी पेपरातलं शब्दकोडं एवढाच होतो. तिच्यामागे हिंडताना मला पुन्हा काहीतरी जाणून घ्यावंसं वाटायला लागलं. वहीत मात्र एकेका देवीपुढे काट पडत होती. छप्पर आहे, बाद. पुजारी आहेत, बाद. दुपारी एक ते चार बंद, बाद. (हे आमच्या तीन खुणांत नव्हतं, पण ती म्हणाली, आई दुपारी झोपत असेल असं वाटत नाही.)

शेवटी मी तिला घेऊन बुद्धभूषणकडे गेलो. हा माझा केबल विभागातला जुना सोबती. त्याच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून त्यांच्या घरात देव नाहीत, पण पुण्यातल्या देवांचे पत्ते त्याच्याइतके कुणालाच माहीत नाहीत. म्हणतो, "तुम्ही लोक एकेका देवाशी अडकून पडता, मी मोकळा आहे, म्हणून सगळीकडे बघतो." मी त्याला तिसरी खूण सांगितली. त्याने सुपारी कातरायची थांबवली. म्हणाला, "रंगनाथ, पाय कात्रजला, डोकं शनिवारवाड्याला, अशी या शहरात एकच वस्तू आहे. पेशव्यांचा पाण्याचा नळ. तू फोडला होतास की तो शहाऐंशी साली!" आणि खरंच आठवलं. सातारा रस्त्याच्या आतल्या बाजूला केबल टाकताना आमची पहार दगडी बांधकामात घुसली होती. कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालून, माणूस वाकून चालेल अशा दगडी बोगद्यातून शहरातल्या हौदांत आणलेलं होतं. आणि आतली हवा कोंडू नये म्हणून वाटेत जागोजाग दगडचुन्याचे पोकळ खांब उभे केलेले. त्यांना उच्छ्वास म्हणतात. वर छप्पर नाही आणि तोंड आभाळाकडे. राजनंदिनी एवढ्या जोरात "काका!" म्हणाली, की बुद्धभूषणच्या बायकोच्या हातून ताट पडलं.

मग पुढचे दोन रविवार आम्ही बुद्धभूषणचे केबलचे जुने नकाशे घेऊन त्या नळाच्या माथ्यावरून चाललो. एक उच्छ्वास एका अंगणात होता, त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली. दुसऱ्यावर शिकवणीची जाहिरात रंगवली होती. तिसरा 'सुखनिवास' नावाच्या सोसायटीत, तळमजल्यावर गाड्या लावतात तिथून जरा बाहेर, चौदा आकडा रंगवलेल्या चौकोनाच्या मधोमध. भराव टाकल्यामुळे निम्मा जमिनीत गेलेला, वर जेमतेम छातीइतका उरलेला, तोंडावर लोखंडी जाळी. आणि शेजारी पाटी: 'हा देव नाही. येथे हळदकुंकू वाहू नये. नारळ फोडणाऱ्यांनी तो घरी फोडावा. हुकुमावरून.' मी निराश झालो. म्हटलं, चला, देव नाही म्हणतात. पण पोरगी पाटीकडे बघून हसत होती. "काका, हा देव नाही असं लिहायला लागलंय, म्हणजे कुणीतरी इथे नारळ फोडतंय!"

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन रावसाहेब आले. हातात पिशवी, पिशवीत कोथिंबीर, चेहऱ्यावर 'नाही'. म्हणाले, "आपलं काय काम?" मी म्हटलं, "हे काय आहे ते बघत होतो." म्हणाले, "काय नाही ते लिहिलंय." मी म्हटलं, "ते वाचलं. पण मग आहे काय?" म्हणाले, "अडथळा. चौदा नंबरवाले आठ वर्षं स्कूटर रस्त्यावर लावतात. पाडू म्हटलं तर निम्मे सभासद म्हणतात जुनं आहे, निम्मे म्हणतात जागृत आहे. मी म्हटलं, जागृत असेल तर मेन्टेनन्स मागतो." एवढं बोलून ते जिन्याकडे वळले आणि पाठमोरे म्हणाले, "कोण वाहतं ते बघायचं असेल तर मंगळवारी सकाळी या. मला सापडलं नाही. मी मंगळवारी उशिरा उठतो." असा माणूस, आक्का. वाईट नव्हे.

काल मंगळवार होता. राजनंदिनीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आम्ही सातलाच जाऊन एका मोटारीमागे उभे राहिलो. आणि सोसायटीचा झाडू घेऊन एक म्हातारी आली. हिराबाई तिचं नाव, तिथेच झाडलोट करते. तिने पाटीभोवती स्वच्छ झाडलं, पाटी पदराने पुसली आणि मग कनवटीची पुडी काढून खांबाला हळदकुंकू लावलं. आम्ही पुढे झालो तशी ती दचकली. राजनंदिनीने तिचा हात धरला, "आजी, आम्ही सोसायटीचे नाही," म्हणाली, आणि मग म्हातारी बोलायला लागली. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत देतो, कारण मला ते बदलायचं नाही.

"देव हाय का न्हाई, मला काय ठावं. सासू लावायची म्हणून मी लावते. आमच्या सासऱ्याचा आजा ह्या नळात उतरायचा. चार घरं व्हती नळाची. कमरंला दोर बांधून गडी आत जायाचा, गाळ काढायचा. आत अंधार, हवा न्हाई. म्हणून ह्या तोंडापाशी बाई बसायची. घडीघडीला नाव घेऊन हाक मारायची. आतनं 'ओ' आली की बरं. न्हाई आली की दोर वढायचा. गडी वर आला म्हंजी मग हळदकुंकू, वटी."

राजनंदिनीने विचारलं, "बायको बसायची का?" हिराबाई तोंडाला पदर लावून हसली. "बायकू कशी बसंल, पोरी? नवऱ्याचं नाव घ्यायची का ती? नुसतं 'अवो' म्हणली तर चारी घरांचे गडी 'ओ' देतील की! दोर कुणाचा वढायचा मग? आई बसायची. न्हाईतर थोरली भन."

आक्का, तुला आठवतं? आई दर चैत्रात तुला घेऊन जायची, मला त्या झोपेतल्या एका खेपेखेरीज कधीच नाही. आणि परत आल्यावर उंबऱ्याबाहेर थांबून "रंग्या!" अशी हाक मारायची, मी 'ओ' दिल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. मला वाटायचं, मी पाढे म्हणतोय की गोट्या खेळतोय ते बघायची ही तिची युक्ती. एका वर्षी मी गंमत म्हणून कणगीमागे लपलो आणि ओ दिलीच नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि हमसून रडायला लागली. मी धावत बाहेर आलो तर मला बडवलंस तू. आई नाही, तू. मला आजवर वाटत होतं की आई जरा हळवी होती आणि तू जरा दांडगी. काल त्या पार्किंगमध्ये मला कळलं, की तुम्ही दोघी काय ऐकायची वाट बघत होतात. मी शेजारच्या स्कूटरवर बसलो आणि रडलो. (चौदा नंबरची नव्हे, ती रस्त्यावर असते.) राजनंदिनीने वही मिटून पिशवीत टाकली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. हिराबाई म्हणाली, "रडू द्या, ह्याच्यापाशी समदी रडत्यात, म्हणून तर पाटी लावलीय."

मी पण, आक्का, तेहेतीस वर्षं केबलच्या खड्ड्यांत उतरलो. वर एक माणूस ठेवायचा आणि त्याने हाक मारत राहायची, हा आमच्याकडेही नियमच होता, कारण खाली कोंडलेली हवा असते. बुद्धभूषण वर बसून मला हाक मारायचा आणि मी वैतागून 'ओ, ओ' करायचो. म्हणजे नळाच्या त्या चार घरांतलं एक आपलं असणार, आणि पणजोबांचं काम करून मी घरी यायचो आणि मला ते माहीत नव्हतं. माझं मन सांगतं की हीच ती जागा. आपल्या माणसांनी देव म्हणून काही बसवला नव्हता, आत गेलेला माणूस ज्या भोकातून श्वास घेतो त्या भोकाला ते आई म्हणत होते. पण मन सांगतं हा काही पुरावा नव्हे, हे मला सूनबाईने शिकवलंय. ती जागा डोळ्यांनी पाहिलेलं आता तू एकटीच आहेस. सोळाव्या वर्षी तुझं लग्न झालं, तेव्हा तिथे पेरूच्या बागा असतील, आता मोटारी आहेत. तरी दगड दगडाच्या जागी आहे. येऊन बघ आणि सांग.

आणि एक कबुली राहिली, ती या सगळ्याहून मोठी. हिराबाई म्हणाली थोरली बहीण. म्हणजे खण माझ्याकडे पाठवायचा नव्हताच. मान तुझा होता. आई गेल्यावर तूच यायला हवं होतंस, आणि मी 'मला जागा माहीत आहे' म्हणून मोकळा झालो, म्हणून तू लोणीहून नुसता खण पाठवत राहिलीस. सत्तावीस चैत्र मी तुझी जागा अडवून बसलो. याची माफी पत्रात मागता येत नाही, पण मला दुसरं काही लिहिता येत नाही. तू मांडवात आली नाहीस तर मला ते लग्न वाटणार नाही, एवढंच सांगतो.

मंगळवारची व्यवस्था केली आहे. रावसाहेबांकडे परवानगी मागितली. म्हणाले, "अर्ज द्या, तीन प्रतींत." मी विचारलं, "विषय काय लिहू?" म्हणाले, "देव सोडून काहीही." तेव्हा 'जुन्या जलवाहिनीच्या उच्छ्वासाची सहकुटुंब पाहणी' असा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. नारळ न्यायचा पण फोडायचा नाही. पाहणीत नारळ फुटत नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे. त्या दिवसापुरती जाळी काढून देणार आहेत, आणि मंगळवार असूनही लवकर उठणार आहेत. दाजींना गुडघा बरा असेल तर आण, नसेल तर गुडघ्यासकट आण. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, म्हशीला चारा.

तुझा धाकटा,
रंगनाथ

ता. क. सत्तावीस म्हटलं खरं, पण त्यातले दोन खण फार सुंदर होते, एक हिरवा आणि एक जांभळा, आणि शालनला मी ते ऑफिसातून भेट मिळाले म्हणून सांगितलं होतं. तिचे ते दोन ब्लाउज तू ओळखशील. कृपा करून मांडवात ओळखू नकोस.

आणखी एक ता. क. लग्न तेजसचं, तेव्हा हाक त्याच्या नावाची मारायची, तर आतून ओ द्यायला तो हवा, आणि तो शुक्रवारी येणार. सूनबाई म्हणते काही अडत नाही, त्या वेळी तो तिकडे सोमवार संपवत जागाच असतो, मोबाईल खांबाच्या तोंडाशी धरू, आक्का आत्यांनी हाक मारायची, तो न्यू जर्सीतून ओ देईल. नवऱ्याचं नाव घ्यायला ही लाजत नाही, दिवसातून वीस वेळा घेते, तरी हाक आत्यांनीच मारायची असं तिचंच म्हणणं आहे. मी तेहेतीस वर्षं टेलिफोन खात्यात होतो, पण अशी जोडणी आयुष्यात दिलेली नाही.

शेवटचा ता. क. खरं म्हणजे हे पत्र याच्यासाठी लिहिलं. तेजसला हाक मारून झाली की जाळी लावायच्या आधी एकदा मलाही मार. ऑफिसात मी साहेब होतो, शालनचा अहो आहे, सुनेचा काका आहे, रावसाहेबांचा अर्जदार आहे. आई गेल्यावर मला 'रंग्या' म्हणणारी या जगात तू एकटी उरलीस. मी खांबाच्या पलीकडे उभा राहीन, लपणार नाही, लगेच ओ देईन. माफ केलं नसशील तर रागाने मार, पण नाव घेऊन मार.